फायबर आणि एअरफायबर: नाव भाऊभाऊ, काम वेगवेगळं

जूनमध्ये आम्ही पुण्यात सिंहगड रोडवरून मोशीला शिफ्ट झालो. सामान उतरायच्या आधीच गेटवर एक मुलगा टीशर्ट घालून, छत्री लावून उभा. म्हणाला, "दादा, नेट-टीव्ही दोन्ही एकातच, फायबरच आहे." मी विचारलं फायबर म्हणजे वायर येणार ना घरात, तर म्हणतो, "फायबरच ओ, फक्त पुढं एअर लागलंय." आता त्या "फक्त"मध्ये सगळी गंमत आहे आणि ती मला पैसे भरल्यावर कळली, म्हणून हे लिहितोय.

फायबर म्हणजे काचेची केसाएवढी तार, तिच्यातून उजेड धावतो आणि ती तार थेट तुमच्या हॉलमधल्या डब्यापर्यंत येते. एअरफायबरमध्ये ती तार मोबाईल टॉवरपाशीच थांबते, तिथून पुढे ५जीचा सिग्नल हवेतून तुमच्या गच्चीवरच्या किंवा बाल्कनीतल्या बॉक्सवर येतो आणि त्या बॉक्समधून साधी नेटवर्कची केबल घरातल्या राउटरला. म्हणजे खरं बघायला गेलं तर मोबाईलचंच नेट, फक्त मोठ्या अँटेनाने पकडलेलं. जिओ आणि एअरटेल दोघांनी २०२३ मध्ये हे सुरू केलं आणि नाव असं ठेवलं की माणूस गोंधळणारच.

बसवताना बघितलं तर फरक लगेच डोळ्यात भरतो. आमच्याकडे आलेला टेक्निशियन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बॉक्स हातात धरून उभा, मोबाईलमधल्या अ‍ॅपकडे बघत थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पूर्वी आपण अँटेना फिरवायचो आणि खालून कोणीतरी ओरडायचं "आलं आलं, गेलं" तसंच. शेवटी समोरच्या अर्धवट बिल्डिंगच्या फटीतून सिग्नल मिळाला. मी म्हणलं ही बिल्डिंग वर गेली की? तो नुसता हसला.

लोकांना वाटतं पावसात डिशसारखं हेही जाणार. तसं नाही. डिश टीव्हीचा सिग्नल ११-१२ गीगाहर्ट्झच्या आसपास असतो, इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला मोठा पाऊस अडवतो. ५जी बहुतेक करून ३.३ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्याला पावसाचं फारसं काही नाही, भिंती, झाडं आणि नवीन उंच बिल्डिंगा मात्र नडतात. आणि गर्दी. टॉवर एकच, त्याच्यावर आजूबाजूचे सगळे मोबाईल पण, मग रात्री नऊला मॅच चालू असली की आमचा १०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन ३५-४० वर येऊन बसतो. फायबर पण शेअरच असतं बरं का, साधारण अडीच जीबीपीएसची (म्हणजे २५०० एमबीपीएसची) एक लाईन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली, पण ती घरं ठरलेली असतात, रस्त्यावरून जाणारा कोणी मध्येच येऊन तुमच्यातलं खात नाही. अपलोडलाही फायबर पुढे, त्यामुळे घरून काम आणि दिवसभर व्हिडिओ कॉल असतील तर मी तरी दुसरा विचार करणार नाही.

फायबरचं दुखणं एकच, तुटलं की तुटलं. राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागला की समजायचं कुठंतरी जेसीबी चालला. मग स्प्लायसिंगवाला मशीन घेऊन येणार, तुटलेली टोकं वितळवून जोडणार, तोपर्यंत बसा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. सिंहगड रोडला पुलाच्या कामाच्या काळात हे आमच्याकडे इतक्या वेळा झालं की मुलाला तो दिवा बघूनच कळायचं.

आता टीव्ही, कारण आमच्या घरात खरं भांडण तिथंच आहे. दोन्हीकडे सेट-टॉप बॉक्स देतात, पण चॅनेल सगळे नेटवरूनच येतात, म्हणजे डेटा खातात. एअरफायबरच्या बऱ्याच प्लॅनला महिन्याला १००० जीबीची मर्यादा असते, फायबरला ३३०० पर्यंत मिळते, घेताना तुमच्या प्लॅनचा आकडा विचाराच. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातं, ४केला ७. म्हणजे १००० जीबीत एचडी ३३० तास, दिवसाला अकरा. ऐकायला भरपूर वाटतं, पण बाबांचं सकाळपासून न्यूज चॅनेल, संध्याकाळी आईच्या मालिका, आत बेडरूममध्ये मुलाचं वेगळंच काहीतरी ४के मध्ये, आमचं २३ तारखेला संपलं. मग स्पीड इतका खाली की व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो पण गोल गोल फिरत बसायचा.

लाईट गेल्यावरचं पण बघून ठेवा. फायबरचा राउटर बऱ्याचदा १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर (राउटरपुरत्या छोट्या बॅटरीवर) आरामात चालतो. एअरफायबरमध्ये गच्चीवरच्या बॉक्सलाही घरातूनच करंट जातो आणि त्याचा अडॅप्टर वेगळ्या व्होल्टचा असू शकतो, अडॅप्टरवरचा आकडा वाचल्याशिवाय यूपीएस घेऊ नका. मी घेतला, तो आता ड्रॉवरमध्ये आहे.

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा, ५९९ चे ७०६.८२ होतात. आणि नव्या घरात वर्षाचं एकदम भरू नका, भले दोन महिने फुकट देत असतील. आधी महिनाभराचं घ्या. त्याच्याही आधी रात्री साडेनऊला त्याच कंपनीचं ५जी सिम असलेल्या कोणाचा तरी फोन घेऊन बाल्कनीत स्पीड टेस्ट करा आणि आपल्याच बाजूच्या फ्लॅटवाल्याला विचारा, पलीकडच्या विंगचं ऐकून उपयोग नाही, तिकडचा बॉक्स टॉवरकडे तोंड करून असतो आणि आपला टाकीकडे.

आमच्या सोसायटीत अजून फायबर ओढलेलं नाही, बिल्डिंगच्या डक्टमधून केबल न्यायची परवानगी कमिटीत अडकलीये, त्यामुळे सध्या एअरफायबरच चालू आहे. पण जुन्या घरून आणलेली डिश परत लावून घेतली. मालिका आणि न्यूज त्याच्यावर, नेट बाकी सगळ्यांना. या महिन्यात २३ तारीख निघून गेली तरी डेटा शिल्लक होता, फक्त परवा जोरात पाऊस आला तेव्हा आईची मालिका ऐन मोक्याला अडकली आणि बोलणी मला बसली.