कर्ज आधी, ठेव नंतर

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाण (सीआरआर), म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावाच लागतो तो, टप्प्याटप्प्याने ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. त्यामुळे बँकांकडचे सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होणार होते. बारावीचं अर्थशास्त्र शिकलेल्या कुणालाही इथे भागाकार सुचतो: मोकळी रक्कम कर्जाऊ जाते, पुन्हा ठेव होऊन परतते, पुन्हा कर्जाऊ जाते, आणि शेवटी १ भागिले सीआरआर इतक्या पट होते. १ भागिले ०.०३ म्हणजे ३३, आणि अडीच लाख कोटी गुणिले ३३ म्हणजे साडेब्याऐंशी लाख कोटींचा नवा पैसा!

एवढा पैसा आला तर नाहीच, आणि येणारही नव्हता. या गणितामागे बँकेचं जे चित्र आहे ते कणगीचं आहे. ठेवीदार वरून धान्य ओततात, आणि बँक थोडं राखून ठेवून बाकीचं कर्जदाराला खालून काढून देते. मॅनेजरच्या केबिनपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे हेच चित्र चालतं. प्रत्यक्षात क्रम बराचसा उलटा आहे.

समजा, सांगलीतल्या एका बाईंना मोटारीसाठी ८ लाखांचं कर्ज मंजूर झालं. बँकेने कुणाच्या खात्यातून ८ लाख काढले? कुणाच्याच नाही. बँकेच्या ताळेबंदात एका बाजूला ‘येणं ८ लाख’ अशी कर्जाची नोंद झाली आणि दुसऱ्या बाजूला मोटारविक्रेत्याच्या खात्यात ‘देणं ८ लाख’ अशी ठेव उमटली. इतर कोणत्याही खातेदाराची शिल्लक एका पैशानेही कमी झाली नाही. सकाळी देशात नसलेले ८ लाख रुपये दुपारी आहेत, आणि विक्रेता त्यातून पगार देऊ शकतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हे स्वच्छ शब्दांत लिहिलं, तेव्हा अनेक पाठ्यपुस्तकांची पंचाईत झाली.

मग बँका हवा तेवढा पैसा का निर्माण करत नाहीत? इथे थोडं सावकाश वाचावं लागेल. विक्रेत्याचं खाते दुसऱ्या बँकेत असेल तर ते ८ लाख तिकडे जातात. पण पहिल्या बँकेने स्वतः लिहिलेली नोंद दुसरी बँक कशी स्वीकारेल? तिला रिझर्व्ह बँकेतला पैसा हवा असतो. प्रत्येक बँकेचं रिझर्व्ह बँकेत खातं असतं, आणि एनईएफटी-आरटीजीएसचा अखेरचा हिशेब त्याच खात्यांत चुकता होतो. म्हणजे पैसा दोन मजल्यांवर फिरतो: वर बँकांचा आपसातला, खाली तुमचा-आमचा. खालच्या मजल्यावर बँक पैसा तयार करू शकते, वरच्या मजल्यावर नाही. ठेवी गोळा करण्याची धडपड यासाठीच असते. नवीन ठेव आली की तिच्याबरोबर वरच्या मजल्यावरचा पैसाही येतो. तो कमी पडला तर दुसऱ्या बँकेकडून किंवा रिझर्व्ह बँकेकडून तिच्या कर्जाच्या दराने, म्हणजे रेपो दराने, उसना आणावा लागतो, आणि त्याला व्याज पडतं. सीआरआरसुद्धा काही दिवसांपूर्वीच्या ठेवींवर मोजतात. कर्ज देऊन झालेलं असतं, राखीव रक्कम मागाहून जुळवायची असते.

शिवाय भांडवलाची अट आहे, म्हणजे कर्जांच्या प्रमाणात बँकेच्या मालकांचा स्वतःचा पैसाही असावा लागतो, आणि सर्वांत मोठा अडसर म्हणजे फेडू शकेल असा गिऱ्हाईक मिळणं. म्हणून ३३ पट कधी होत नाही. देशातला एकूण पैसा, ज्याला रिझर्व्ह बँक एम३ म्हणते, तो तिने स्वतः निर्माण केलेल्या पैशाच्या (नोटा आणि वरच्या मजल्यावरच्या शिलका) साधारण पाच-सहा पट भरतो. या एम३ मध्ये लोकांच्या हातातल्या नोटा-नाणी, चालू व बचत खात्यांतल्या शिलका आणि मुदत ठेवी येतात. त्यात रोकड जेमतेम एक सप्तमांश. बाकी सगळ्या नोंदी.

या गोष्टीचा मला सर्वाधिक आवडणारा भाग फेडीचा आहे. त्या बाई हप्ता भरतात तेव्हा त्यातल्या मुद्दलाइतकी ठेव त्यांच्या खात्यातून पुसली जाते आणि तेवढंच कर्जही पुसलं जातं. ते रुपये कुठेही जात नाहीत, ते राहतच नाहीत. व्याजाचा भाग मात्र बँकेचं उत्पन्न होतो आणि पगार, ठेवींवरचं व्याज, लाभांश या वाटांनी पुन्हा लोकांच्या खात्यांत येतो. सगळ्यांनी एकदम कर्जं फेडली तर देशातला बराचसा पैसा नाहीसा होईल. ‘कर्ज वाईटच’ म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता ठेवीदाराच्या बाजूने पाहू. ठेवीवरचं व्याज आपल्याकडे सहसा तिमाही चक्रवाढीने लागतं. ७ टक्क्यांनी ठेवलेल्या १ लाखाचे ५ वर्षांत सुमारे १ लाख ४१ हजार होतात. सरळव्याजाने १ लाख ३५ हजार झाले असते. दामदुपटीचा अंदाज घ्यायचा तर ७२ ला व्याजदराने भागावं: ७ टक्क्यांना दहा वर्षांच्या थोडं वर. ‘दोन वर्षांत दुप्पट’ म्हणणारा माणूस वर्षाला ३६ टक्क्यांच्या आसपास व्याज कबूल करत असतो. एवढं कमावून देणारा धंदा त्याच्याकडे खरंच असता, तर तो तुमच्या दारात आला नसता. त्याच्या गळ्यात कुठल्या महाराजांचं लॉकेट आहे याने या भागाकारात फरक पडत नाही.

आणि बँकेतली ठेव कायद्याने ‘आपला ठेवलेला पैसा’ नसते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ मध्येच ठरवून टाकलं की ठेवीदार हा धनको आणि बँक ऋणको. आपल्याकडेही हेच तत्त्व मानतात. बँक बुडाली तर आपण घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे असतो. १९६० मध्ये केरळमधली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा आला. तेव्हा त्याची मर्यादा दीड हजार रुपये होती, फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि एकाच बँकेच्या चार शाखांतल्या तुमच्या नावावरच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. सहकारी बँकांना हे कवच आहे. गल्लीतल्या पतसंस्थेला नाही.