नाताळची भेट म्हणून २५ डॉलरचं कर्ज : पार्श्वभूमी

नाताळला स्वेटर किंवा मेणबत्त्या देण्याऐवजी कर्जाचं कार्ड देणारे लोक अमेरिकेत आता नवे नाहीत. कार्ड मिळालेल्याने किवा या संस्थेच्या संकेतस्थळावर एखादी गरजू कर्जदार निवडायची, कार्डावरचे २५ डॉलर तिच्या नावे लावायचे आणि परतफेड झाली की तेच पैसे पुन्हा दुसऱ्या कुणासाठी फिरवायचे.

सूक्ष्मकर्जाची, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांची, सुरुवातीची गोष्ट अनेकांना पाठ आहे: १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर उसने दिले. सणाशी गाठ पडली ती खूप नंतर. ब्रिटनमधल्या मदतसंस्था आधीपासून कॅटलॉगमधून 'शेळी' विकत होत्याच. शेळी आफ्रिकेत जायची, घरी नुसतं शुभेच्छापत्र यायचं. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जोडप्याने युगांडातल्या तोरोरोच्या ७ कर्जदारांसाठी ओळखीच्यांकडून पैसे उभे केले, तीच किवाची सुरुवात. २००६ मध्ये युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला नोबेल मिळालं आणि वारं फिरलं. २००७ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या पुस्तकाने आणि टीव्हीने अशी गर्दी लोटली की कर्जदारच कमी पडले. एका कर्जाला माणशी २५ डॉलर अशी मर्यादा घालावी लागली.

खरा वाद ऑक्टोबर २००९ चा. वॉशिंग्टनमधल्या एका अभ्यासकाने दाखवून दिलं, की संकेतस्थळावरच्या फोटोतल्या बाईला कर्ज बहुधा आधीच मिळालेलं असतं. तिच्या भागातली, किवाची भागीदार असलेली कर्ज देणारी संस्था पैसे देऊन मोकळी होते, मग त्या बाईची माहिती संकेतस्थळावर झळकते आणि तुमचे २५ डॉलर त्या स्थानिक संस्थेची तिजोरी भरून काढतात. बाईने कर्ज बुडवलं तर तुमचे पैसे बुडू शकतात, एवढाच तिचा-तुमचा थेट संबंध. यात गैर काही नव्हतं. हंगामाचं बी घ्यायला निघालेल्या बाईने कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या क्लिकची वाट का बघावी? हा तपशील संकेतस्थळावर होताही, पण कार्ड विकत घेणाऱ्याची नजर जिथे पडते तिथे नव्हता. टीकेनंतर किवाने मजकूर बदलला. फोटो मात्र तसेच राहिले, कारण कार्ड खपतं ते फोटोवर.

व्याजाचंही तसंच. देणाऱ्याला शून्य, पण कर्जदाराला वर्षाला ३० टक्क्यांच्या पुढेही. फिरतीचा आणि वसुलीचा खर्च त्यातूनच निघतो.

२०१० मध्ये आंध्रातल्या जाचक कर्जवसुलीच्या धसक्याने सूक्ष्मकर्जाच्या क्षेत्राचं तेज उतरलं. २०१५ मध्ये भारतासह ६ देशांतल्या सूक्ष्मकर्जाच्या चाचण्यांचे निकाल एकत्र छापून आले: धंद्याला थोडा हातभार लागतो, गरिबी हटत नाही. भारतीय कर्जदार या संकेतस्थळावर उशिरा आले आणि परकीय कर्जाच्या नियमांमुळे त्यांना दिलेले पैसे ३ वर्षं अडकून राहत. पुढे किवा स्थानिक भागीदारांकडून शुल्क घेऊ लागली, तेव्हा पैसे लावणाऱ्या काही जुन्या मंडळींनी नवं कर्ज देणंच थांबवलं.