लोणार : खाऱ्या तळ्याच्या काठावरचे गोड्या पाण्याचे गाव

लोणारचे सरोवर बघायला माणसे दुरून येतात. काठावर उभी राहतात, फोटो काढतात आणि मेहकरच्या नाहीतर जालन्याच्या रस्त्याला लागतात. बुलडाणा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव मात्र बघायचे राहून जाते. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती सुमारे 23 हजार होती. एवढी माणसे नेमकी याच काठावर का वसली, याचे उत्तर पाण्यात आहे आणि तेही दोन चवींच्या पाण्यात.

आधी जागा समजून घेऊ. काळ्या बेसाल्टच्या पठारात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा आणि दीडशे मीटर खोल असा गोल खड्डा आहे. त्याचा काठ भोवतालच्या शिवारापेक्षा वीसेक मीटर उंच आहे, त्यामुळे शेतातून येणाऱ्याला तो एखाद्या बुटक्या टेकडीसारखा दिसतो. वर चढून गेल्याखेरीज पलीकडे काय आहे याचा पत्ता लागत नाही. 1823 साली ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी या जागेची नोंद केली. पुढे बराच काळ हे ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडल्याचे मांडले गेले आणि हा खड्डा उल्का आदळून झाला, असा निवाडा पक्का झाला. वयाचा वाद त्यानंतरही चालू राहिला. आधी 52 हजार वर्षे सांगत, पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या (खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या) मोजणीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर नेले.

या खड्ड्यात पाणी उतरते, बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी उचलून नेते आणि क्षार खालीच राहतात. शतकानुशतके हेच चालल्यामुळे तळे इतके अल्कधर्मी झाले की त्याचा सामू (pH) दहाच्या आसपास असतो; शुद्ध पाण्याचा तो सात असतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की चिखलावर पांढरी खपली धरते. पाय ठेवला की ती करकरते, खालून काळा गाळ वर येतो आणि नासक्या अंड्याचा वास सुटतो.

त्याच खपलीवर गावाने अनेक पिढ्या पोट भरले. लवण, लोण, लोणार असे हे नावच मिठाचे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या जागेचा उल्लेख येतो. काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात, त्यावरच्या जकातीतून सरकारला चांगले उत्पन्न होते, असे तिथे म्हटले आहे. काढलेल्या क्षाराच्या प्रतीही ठरलेल्या होत्या : दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. उडदाच्या पिठात पापडखार घालणाऱ्या घरांना या धंद्याचे मोल वेगळे सांगायला नको. हा धंदा पुढे बंद पडला आणि 2000 साली सरोवर अभयारण्य झाले.

पण खाऱ्या पाण्यावर कमाई होते, तहान भागत नाही. ईशान्येच्या काठावर गोमुखाची धार आहे. खडकातून येणारे हे गोडे पाणी तीर्थ मानले जाते. लोणार वसले ते याच बाजूला. माझ्या मते गावाच्या नकाशाची किल्ली ही धारच आहे. वस्तीतले दैत्यसूदन मंदिर विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा सांगते, म्हणजे गावाच्या दैत्याच्या नावातही मीठ आहेच. खाली पाण्यालगत कमळजादेवीचे मंदिर आहे, नवरात्रात तिथे यात्रा भरते. त्याच परिसरात सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, असे गावात सांगतात. दोन पाण्यांची ही गाठ लोकांनी नात्याच्या नावाने लक्षात ठेवली, हे मला फार आवडते.

2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा लोणार देशभर गाजले. क्षार वाढल्याने फोफावलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. नाशिकच्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी रामसर जागा.

वस्ती वाढली तसे गावचे सांडपाणीही सरोवराकडे उतरू लागले. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला आणि वर्षानुवर्षे चालला. नदीत सोडलेली घाण निदान पुढे वाहत जाते. इथे ती क्षारासारखीच तळाशी बसून राहते. म्हणून लोणारच्या गटारांचे काम साध्या नगरपालिकेच्या कामासारखे धरून चालणार नाही. ज्या ईशान्य काठाने गावाला प्यायला पाणी दिले, त्याच काठावर सांडपाणी अडवावे लागणार आहे.