हरणाला गुन्हा, कायोटीला मुभा : रात्रीच्या शिकारीमागचा इतिहास

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत रात्री शेतात प्रकाशझोत टाकून हरीण मारलं तर शिकारीचा परवाना जातो, दंड होतो, बंदूक जप्त होऊ शकते. त्याच शेतात, त्याच रात्री, तोच झोत टाकून कायोटी (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला रानटी प्राणी) मारला तर बऱ्याच राज्यांत कोणी हटकायला येत नाही. कुठे जमीनमालकाची परवानगी पुरते, कुठे साधा परवाना लागतो, कुठे ठरावीक महिन्यांपुरतीच मोकळीक असते. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो, त्यामुळे सगळी नियमपुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर डोकं गरगरतं. पण या गोंधळाला इतिहास आहे. उजेड, आवाज आणि विष हे त्याचे तीन धागे, आणि १९७०च्या दशकात ते एकमेकांत गुंतले.

त्यातला उजेडाचा धागा सर्वांत जुना. उत्तरेकडच्या सरोवरांवर ओजिब्वे हे मूळनिवासी लोक होडीच्या पुढच्या टोकाला आग पेटवून काठाकाठाने शिकारीला जात. पाण्यातली वनस्पती खायला उतरलेलं हरीण ज्योतीकडे बघत थबकतं, त्याचे डोळे चमकतात आणि आगीमागे बसलेला माणूस त्याला दिसत नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही रीत जशीच्या तशी उचलली. आगीच्या जागी रॉकेलचा कंदील आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कपाळावर बांधायचा कार्बाइडचा दिवा.

याच रीतीतून एक सुंदर गोष्टही निघाली. पेनसिल्वेनियातले एक वकील, जॉर्ज शिरास तिसरे, मिशिगनमधल्या व्हाइटफिश सरोवरावर अशीच दिव्याची शिकार शिकले आणि पुढे त्यांनी बंदूक ठेवून होडीत कॅमेरा आणला. दिव्याच्या झोतात हरीण थबकलं की फ्लॅशची पूड उडवायची. १९०६ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रं एकाच अंकात छापली. रात्री रानात टिपलेले वन्यप्राणी इतक्या संख्येने लोकांनी तोवर पाहिले नव्हते.

पण तोपर्यंत हरणांचीच वाट लागली होती. मांसासाठी आणि कातड्यासाठी बाजारू शिकार इतकी झाली की १९००च्या सुमारास देशभरात पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली असावीत, असा अंदाज सांगितला जातो. राज्यांनी एकामागून एक कायदे केले आणि दिव्याच्या शिकारीवर बंदी आली. म्हणजे हा नियम मुळात हरीण वाचवण्यासाठी झाला. त्यात एक फट मात्र राहिली. रॅकून या झाडावर चढणाऱ्या, फरवाल्या लहान प्राण्याची शिकार रात्री कुत्र्यांनिशीच होते. कुत्रे रॅकूनला झाडावर चढवतात आणि फांदीतला प्राणी बघायला दिवा लागतोच. त्यामुळे अनेक ठिकाणी फरवाल्या प्राण्यांसाठी दिव्याला सूट मिळाली. कायोटी पुढे याच फटीतून आत शिरला.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा बराच लहान. पश्चिमेच्या मैदानातला साधारण ९ ते १५ किलोचा. शास्त्रीय नाव त्याला १८२३ साली टॉमस से या निसर्गअभ्यासकाने दिलं. तेव्हा तो मुख्यतः गवताळ पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा रहिवासी होता. मेंढ्यांचे कळप त्या भागात पोचले आणि त्याचं नाव गुन्हेगारांच्या यादीत गेलं. १९१५ साली अमेरिकी संसदेने लांडगे, कायोटी आणि शेतीला उपद्रव देणाऱ्या इतर प्राण्यांच्या नाशासाठी १ लाख २५ हजार डॉलर मंजूर केले. १९३१ साली तर त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला : दहा वर्षं, दर वर्षी १० लाख डॉलरपर्यंत. महामंदीच्या ऐन भरात झालेली ही तरतूद आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे मेंढीवाल्यांचं वजन किती होतं ते कळतं.

पैसा प्रामुख्याने विषावर गेला. आधी स्ट्रिक्निन, दुसऱ्या महायुद्धानंतर ‘१०८०’ नावाने ओळखलं जाणारं सोडियम फ्लुरोॲसिटेट. मेलेल्या घोड्याच्या मांसात विष भरून ते माळावर ठेवायचं. खाणारा कायोटीच असेल याची खात्री कोण देणार? गरुड मेले, बिज्जू मेले, रँचवाल्यांची, म्हणजे गुरं-मेंढ्या पाळणाऱ्यांची, स्वतःची कुत्रीही मेली. ओरड वाढत गेली आणि फेब्रुवारी १९७२मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर आणि सरकारी मोहिमांत हिंस्र प्राण्यांसाठी विष वापरायला बंदी केली. काही वर्षांत सायनाइडचं एक साधन परत आलं, पण मोकळ्या हाताने विष पेरण्याचे दिवस संपले. मेंढीवाल्यांनी आणि सरकारी शिकाऱ्यांनी मग सापळा, विमान आणि बंदूक यांवर भर दिला.

बंदुकीसाठी कायोटी समोर यायला हवा, आणि त्याची तयारी टेक्सासात आधीच झाली होती. मार्बल फॉल्स या छोट्या गावातल्या मरी आणि विन्स्टन बर्नहॅम या भावांनी १९५०च्या दशकात जखमी सशाच्या किंकाळीची नक्कल करणाऱ्या शिट्ट्या बनवून टपालाने विकायला सुरुवात केली. तोंडाने असा आवाज काढून कोल्हे बोलावणारे शिकारी त्याआधीही होतेच; आपल्याकडे फासेपारधी तितराचा आवाज काढतात, तशातलीच ती विद्या. बर्नहॅम बंधूंनी ती खिशात मावेल अशी केली आणि मासिकांतल्या जाहिरातींतून घरोघर पोचवली. वेको शहरातल्या जॉनी स्टुअर्टने पुढची पायरी गाठली. खऱ्या प्राण्यांचे खरे आवाज मुद्रित करून त्यांच्या तबकड्या तो विकू लागला. मग बॅटरीवरचा प्लेयर, मग कॅसेट, आणि १९९०च्या दशकाअखेर डिजिटल पेट्या. आज दूरनियंत्रकावर चालणाऱ्या पेटीत शेकडो आवाज असतात : ससा, उंदीर, हरणाचं पाडस, कायोटीचं रडणारं पिल्लू, नर-मादीची आळवणी.

हाताची शिट्टी साधी दिसते, पण वाजवायला सोपी नाही. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची नळी, आत धातूची पातळ पट्टी. नळीच्या तोंडावर मूठ मिटायची-उघडायची, म्हणजे आवाज दबतो आणि फुटतो, प्राणी श्वासासाठी धडपडतोय असं वाटतं. सुरुवात हलक्या आवाजात, कारण कायोटी शेजारच्याच झुडपात असला तर मोठ्या आवाजाने उलटा पळेल. मग जोर वाढवायचा, थांबायचं, कान द्यायचा. १५-२० मिनिटांत काही आलं नाही तर जागा सोडायची. आलाच तर तो सहसा सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि नाकाने खात्री करून घेतो. म्हणून जाणते लोक आवाजाची पेटी आपल्यापासून दूर ठेवतात आणि स्वतः अशा जागी बसतात की वाऱ्याखालची बाजू मोकळी दिसेल. या खेळात माणसाच्या डोळ्यांपेक्षा कायोटीच्या नाकाला जास्त मान आहे.

इथे पुन्हा तीच प्रतवारी दिसते. बदकं, हंस यांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी मुद्रित आवाज वाजवायला केंद्राच्या नियमांनी साधारणपणे मनाई आहे. तोंडाने वाजवायची शिट्टी चालते. कायोटीला मात्र मुद्रित आवाज अनेक राज्यांत राजरोस चालतो. ज्याला ‘गेम’, म्हणजे रीतसर शिकारीचा प्राणी, म्हणायचं त्याला संधी द्यायची, ज्याला उपद्रवी म्हणायचं त्याला नाही.

विषबंदीनंतर लगेच फरचे भाव चढले. चित्ता, बिबट्या, ऑसिलॉट (ठिपक्यांचं रानमांजर) यांच्या कातड्यांच्या व्यापारावर १९७०च्या दशकात बंधनं आली आणि बाजार लांब केसांच्या फरकडे वळला. कोल्हा, बॉबकॅट (आखूड शेपटीचं रानमांजर), कायोटी; ज्याला कालपर्यंत विष घालत होते त्याच्या हिवाळी कातड्याला आता गिऱ्हाईक होतं. खेड्यापाड्यातली तरुण पोरं हिवाळ्याच्या रात्री पिकअप गाडी आणि शिट्टी घेऊन बाहेर पडू लागली. हे भाव १९८०च्या दशकाच्या अखेरीस कोसळले, पण सवय लागली ती लागलीच. पुढे जॅकेटच्या टोपीला कायोटीची झालर लावायची फॅशन आली तेव्हा मागणी पुन्हा वाढली. ‘कॅनडा गूस’ या कंपनीने २०२१मध्ये फर सोडायची घोषणा केली आणि तेही गिऱ्हाईक गेलं.

रात्रच का, याचं निम्मं उत्तर माणसानेच तयार केलं आहे. कायोटी मुळात दिवसाही फिरतो. जिथे माणसाचा त्रास आणि गोळीची भीती तिथे तो रात्रीकडे सरकतो. त्याच्या मागोमाग शिकारीही सरकला. गाडीच्या लायटरच्या खोबणीत जोडलेला हॅलोजनचा झोत घेऊन एकाने उजेड फिरवायचा, दुसऱ्याने नेम धरायचा. झोत थेट जमिनीवर टाकत नाहीत. त्याची कडा तेवढी गवतावरून फिरवतात. कायोटीच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो, त्यामुळे एवढ्याशा उजेडानेही डोळ्यांचे दोन ठिपके लांबून उठून दिसतात. काचेवर लाल फिल्टर बसवतात, कारण कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांना लाल रंग फार मंद दिसतो. लाल चांगला की हिरवा यावर शिकाऱ्यांत जे वाद चालतात ते आपल्याकडच्या मिसळीच्या वादांइतकेच न मिटणारे आहेत.

नंतर युद्धतंत्र आलं. व्हिएतनाममध्ये सैनिकांनी वापरलेल्या ताऱ्यांच्या उजेडात बघायच्या दुर्बिणींचे वंशज आधी आले, आणि मग उष्णता टिपणारी थर्मल दुर्बीण. तिला थंड न करता चालणारा संवेदक हनीवेल कंपनीने १९८०च्या दशकात लष्करी पैशावर विकसित केला. १९९२मध्ये त्यावरची गुप्तता उठली आणि किंमत हळूहळू सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आली. थर्मलला दिवा लागत नाही. त्यामुळे ‘उजेड’ या शब्दावर उभे असलेले जुने नियम अपुरे पडू लागले आणि राज्यांना ते नव्याने लिहावे लागले.

इतकं करून कायोटी कमी झाला का? कॅलिफोर्नियातल्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट या संशोधकांनी १९७५ साली गणिती प्रतिकृती मांडली : दर वर्षी ७५ टक्के कायोटी मारले, तर ते संपायला ५० वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. संख्या घटली की उरलेल्या माद्यांना जास्त पिल्लं होतात आणि त्यातली जास्त जगतात. केंद्राचा ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ विभाग अजूनही दर वर्षी साधारण ५५ ते ७० हजार कायोटी मारतो. तरीही लांडगे नाहीसे झाल्याने मोकळ्या झालेल्या जागेतून हा प्राणी हवाई सोडून सर्व राज्यांत पसरला आणि दक्षिणेला पनामापर्यंत गेला. शिकागोत, लॉस एंजेलिसमध्ये तो राहतो. डॅलसच्या उपनगरांतल्या मराठी मंडळींना तो भेटतो तो बहुधा कचऱ्याच्या डब्यापाशी, किंवा वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावरच्या ‘मांजरं आत घ्या’ या संदेशात. मेंढ्या मात्र १९४२मधल्या साडेपाच कोटींवरून आज पन्नास लाखांच्या आसपास आल्या आहेत, आणि त्याचं मोठं कारण कायोटी नाही. लोकर आणि मटण यांना मागणीच उरली नाही.

सर्वांत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर मग टीका सुरू झाली. कॅलिफोर्नियाने २०१४मध्ये अशी बक्षिसं बंद केली, पुढे व्हरमाँट, न्यू मेक्सिको आणि इतर काही राज्यांनी स्पर्धांवरच बंदी आणली.

रात्रीच्या उजेडाचा प्रश्न खऱ्या अर्थाने कोर्टात गाजला तो नॉर्थ कॅरोलायनात. लाल लांडगा १९८०मध्ये निसर्गातून नामशेष जाहीर झाला होता. पिंजऱ्यात वाढवलेल्या जोड्या १९८७मध्ये राज्याच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यात सोडल्या आणि २०१२च्या सुमारास पाच काउंट्यांत (जिल्ह्यांत) त्यांची संख्या शंभराच्या आसपास पोचली होती. त्याच वर्षी राज्याच्या वन्यजीव आयोगाने कायोटीच्या रात्रीच्या शिकारीला, उजेडासह, परवानगी दिली. वाढत्या वयाचा लाल लांडगा आणि कायोटी यांतला फरक भर दिवसा जाणकारालाही चकवतो. झोतात चमकणाऱ्या दोन डोळ्यांवरून तो कसा कळणार? त्यात आणखी एक गुंता होता. लांडग्यांचा कायोटीशी संकर होऊ नये म्हणून कर्मचारी काही कायोटींची नसबंदी करून त्यांना त्यांच्या हद्दीतच ठेवत. असा कायोटी जागा अडवून धरतो, पण पिल्लं देत नाही. तो मारला गेला की त्याच्या जागी नवा, प्रजननक्षम कायोटी येतो. म्हणजे इथे कायोटी मारल्याने लांडग्याचंच नुकसान होत होतं.

संरक्षणवादी संस्था कोर्टात गेल्या. मे २०१४मध्ये केंद्रीय न्यायाधीश टेरेन्स बॉइल यांनी त्या पाच काउंट्यांत कायोटीची शिकार तात्पुरती थांबवली आणि त्याच वर्षी तडजोड झाली. राज्यात इतरत्र खासगी जमिनीवर रात्रीची शिकार चालूच राहिली. डेअर, टिरेल, हाइड, वॉशिंग्टन आणि बोफर्ट या काउंट्यांत मात्र कायोटी मारायचा तर दिवसाउजेडी, परवाना काढून, आणि मारल्यावर आयोगाला कळवून.