टाटा करूनच निघा

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन निरोप फिरायला लागतात. पहिला म्हणतो, मुलाला शाळेत रडू दिलंत तर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक, वाढतं आणि मेंदूच्या पेशी मरतात. दुसरा म्हणतो, खुशाल रडू द्या, चार दिवसांत गप्प बसेल, आपण नाही का शिकलो? दोन्ही तितक्याच ठामपणे लिहिलेले असतात आणि दोन्हींखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागलेली असते. गंमत अशी की एका बाबतीत दोघांचं एकमत आहे. मूल रडतंय तोवर त्रास, रडायचं थांबलं की त्रास संपला. घोळ नेमका इथे आहे. मुलांच्या तोंडात कापसाचा बोळा देऊन, तो लाळेने भिजवून, त्यातलं कॉर्टिसॉल मोजायला शास्त्रज्ञ शिकले तेव्हा तो लक्षात आला.

आधी कॉर्टिसॉलची थोडी बाजू घेतो, कारण बिचाऱ्याची फार बदनामी झाली आहे. ते विष नाही. ते मुळीच बनलं नाही तर माणूस जगत नाही. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी दिवसातली सर्वांत जास्त असते, मग ती उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोहोचते. यकृताकडून रक्तात साखर सोडवून घेणं, प्रतिकारशक्तीला आवर घालणं, शरीराला दिवसाच्या कामासाठी उभं करणं ही त्याची रोजची कामं. एखाद्या सकाळी तासभर ते वाढलं म्हणून पेशी मरत नाहीत. तुमच्या दहावीच्या परीक्षेतही ते वाढलं होतं.

ते वाढतं कसं, हा मात्र माझ्या फार आवडीचा विषय आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. धोका जाणवला की पहिल्या काही सेकंदांत ॲड्रिनलिन धावतं. छाती धडधडते, तळहात घामेजतात. त्याच वेळी दुसरी, सावकाश चालणारी साखळी सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक रसायन सोडतो, ते जवळच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्युटरी दुसरं रसायन रक्तात सोडते, आणि ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावतं. या सगळ्याला वेळ लागतो. लाळेत कॉर्टिसॉलचा कळस दिसतो तो धक्का बसल्यानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी.

आता आठ वाजता आई फाटकातून बाहेर पडली, मूल दहा मिनिटं रडलं आणि बाईंनी निरोप पाठवला, 'गप्प झाला हो, आता खेळतोय.' बाई खरंच सांगताहेत. पण त्या क्षणी मुलाचं कॉर्टिसॉल अजून चढतं आहे.

हे नुसतं अंदाजाने म्हणत नाही. लीझेलोटे आनर्ट, मेगन गनार या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा महिन्यांच्या सत्तर मुलांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाळणाघर सुरू होण्याआधी घरी, मग आई सोबत बसत असतानाच्या दिवसांत, मग आई सोडून जाऊ लागल्यावर आणि पुन्हा पाच महिन्यांनी, अशी लाळ तपासली. आई गेल्यावर पहिल्या तासाभरात कॉर्टिसॉल घरच्या पातळीपेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. खरी चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. ज्या मुलांचं आईशी नातं भरवशाचं होतं, ती आई सोबत असेपर्यंत इतरांपेक्षा कितीतरी शांत होती. त्यांचं कॉर्टिसॉल स्पष्टपणे कमी होतं. पण आई गेल्यावर हीच मुलं जास्त रडली. शिवाय त्यांच्या रडण्याचा आणि कॉर्टिसॉलचा मेळ बसत होता. म्हणजे जितका त्रास तितकं रडणं, हिशोब चोख. 'बघा, किती लाडावून ठेवलंय' असं ज्या मुलाकडे बघून म्हटलं जातं, ते मूल निव्वळ खरी बातमी देत असतं.

उलट बाजूही मोजली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये एक साधी चाचणी बसवली होती. अनोळखी खोली, आई तीन मिनिटं बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते; सगळं मिळून वीसेक मिनिटं. काही मुलं आई गेली तरी खेळण्यातून मान वर करत नाहीत आणि ती परतली तरी तिच्याकडे बघत नाहीत. किती समजूतदार! पण १९७७ मध्ये स्राउफ आणि वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते चढलेले निघाले. म्हणून वर्गात कोपऱ्यात ठोकळे घेऊन मुकाट बसलेल्या मुलाकडे बाईंनी रडणाऱ्याइतकंच लक्ष द्यावं असं मला वाटतं. पस्तीस मुलं आणि एक मदतनीस मावशी असताना ते कसं जमायचं, हा प्रश्न अर्थातच आहे.

चढलेलं कॉर्टिसॉल उतरवतं कोण? ते स्वतःच. घराच्या टाकीत पाणी चढलं की तरंगणारा बॉल वर येतो आणि नळ बंद होतो, तसं कॉर्टिसॉल मेंदूत पोहोचून हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला 'पुरे' सांगतं. पण हा निरोप ऐकणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, दोन जातींचे आहेत. रॉयल आणि डी क्लोट या डच संशोधकांनी १९८५ मध्ये उंदरांच्या मेंदूत ते वेगळे करून दाखवले. पहिल्या जातीचे, मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राही, कॉर्टिसॉलसारख्या रेणूला दुसऱ्यांपेक्षा सुमारे दसपटीने घट्ट धरतात. त्यामुळे नेहमीच्या पातळीलाही ते बहुतेक भरलेलेच असतात. दुसऱ्या जातीचे, ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही, एरवी बरेचसे रिकामे असतात; पातळी चढली की भरू लागतात. भरलेला ग्राही पेशीच्या केंद्रकात शिरतो, डीएनएवर ठरावीक जागी बसतो आणि हायपोथॅलॅमसचं ते पहिलं रसायन बनवणाऱ्या जनुकाचं वाचन मंद करतो. काम जनुकांच्या पातळीवर चालतं म्हणून ते सावकाश होतं. हे ग्राही हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागात भरपूर असतात, आणि मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की ज्या उंदरांना पिल्लूपणी आईने जास्त चाटलेलं असतं, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दुसऱ्या जातीचे ग्राही जास्त बनतात आणि मोठेपणी त्यांचं कॉर्टिसॉल लवकर आवरतं. (उंदराचं कॉर्टिसॉल म्हणजे खरं तर कॉर्टिकोस्टेरॉन, पण त्या फाट्यावर आज जात नाही.) इथपर्यंत वाचताना दम लागला असेल तर एवढंच धरून ठेवा: आवर घालणारी ही व्यवस्था शरीरात आहे, ती सावकाश चालते, आणि लहान मुलाच्या बाबतीत तिला बाहेरून मदत मिळू शकते.

बाहेरची मदत म्हणजे माणूस. गनार यांचा १९९२ चा एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत कामाचा वाटतो. नऊ महिन्यांच्या बाळांना अर्ध्या तासासाठी एका अनोळखी बाईकडे सोपवलं. काही बाळांच्या वाट्याला आलेली बाई प्रेमळ होती, त्यांच्याशी खेळत होती. इतरांच्या वाट्याची बाई आपल्या कामात होती. बाळ रडलं तर समजूत घालायची आणि पुन्हा कामाला लागायची. दोन्हीकडे आई नव्हती. पण पहिल्या बाळांच्या कॉर्टिसॉलची वाढ बरीच कमी राहिली. आईची जागा दुसरं माणूस काही काळ घेऊ शकतं, आणि तेही रक्ताच्या नात्याशिवाय. अट इतकीच की त्या माणसाला मुलाकडे बघायला फुरसत हवी.

म्हणूनच 'चार दिवस रडेल' या सल्ल्याला माझा आक्षेप रडण्यासाठी नाही. त्या चार दिवसांत मुलाला नवं माणूस मिळतं का, हा प्रश्न तो सल्ला विचारतच नाही. जर्मनीत १९८० च्या दशकात बर्लिनमध्ये तयार झालेली एक पद्धत पाळणाघरांत सर्रास वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर वर्गात बसतात, सोडून जायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर. मूल रडलं आणि बाईंच्या कुशीत शांत झालं, तर वेळ वाढवत न्यायची. बाईंकडून शांत होत नसेल, तर आई लगेच आत आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी. मूल रुळलं की नाही याची कसोटी रडलं की नाही ही नाहीच; रडल्यावर कुणाकडे गेलं, ही आहे. वर सांगितलेल्या २००४ च्या अभ्यासातही ज्या आयांनी असे जास्त दिवस दिले, त्यांच्या मुलांचं आईशी नातं भरवशाचं राहिलं किंवा झालं. आपल्याकडे अनेक शाळा पहिल्याच दिवशी पालकांना फाटकापाशी थांबवतात. गर्दीचं कारण देतात, आणि ते अगदी खोटं नसतं. पण महिनाभर वर्गात रडारड ऐकण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात दहा-दहा मुलांचे गट बोलावणं बाईंनाही सोपं जाईल.

आता टाटाकडे येतो. मूल खेळात रमलं की मागच्या दाराने सटकायचं, हा आपल्याकडचा लाडका उपाय. आजीपासून बाईंपर्यंत सगळे सुचवतात आणि त्या दिवशी तो लागूही पडतो. तो का टाळावा हे समजायला मला उंदरांचा आणखी एक प्रयोग आवडतो, जरा क्रूर असला तरी. जे वाइस नावाच्या संशोधकाने १९७० मध्ये उंदरांच्या शेपट्यांना विजेचे झटके दिले. एका गटाला प्रत्येक झटक्याआधी आवाज ऐकू यायचा, दुसऱ्याला झटके तेवढेच पण पूर्वसूचना नाही. झटक्यांची संख्या आणि जोर सारखा असूनही पूर्वसूचना न मिळालेल्यांच्या जठरात कितीतरी जास्त व्रण पडले. यामागचा तर्क सुरेख आहे. आवाज ही धोक्याची खूण असेल, तर आवाज नसलेला प्रत्येक क्षण सुरक्षित असतो. उंदीर तेवढा वेळ सैलावू शकतो. खूणच नसेल तर कुठलाच क्षण सुरक्षित नाही.

मूल उंदीर नाही, आणि उंदराच्या जठरावरून बालवाडीचे नियम काढू नयेत हे मला मान्य आहे. पण हा तर्क मुलाला लावून बघा. आई दरवेळी 'मी निघते, डबा खाऊन झाला की न्यायला येते' असं सांगून, टाटा करून जात असेल, तर टाटा झालेला नाही म्हणजे आई इथेच आहे. एकदा ती न सांगता नाहीशी झाली की ही खूण निकामी होते. मग घरीसुद्धा आई न्हाणीघरात गेली तरी मूल दारावर धडका मारतं. टाटा करताना मूल रडेल, ते रडू द्यावं. निरोप मात्र छोटा असावा. तीन वर्षांच्या मुलाला 'साडेअकरा' कळत नाही, 'डबा, मग गाणं, मग आई' हा क्रम छान कळतो. तो पाळायचा. डब्यानंतर येते म्हणून सांगून दीड तासाने उगवायचं नाही.

या दिवसांत मुलं दुपारी चिडचिडी होतात, जेवत नाहीत, मग दृष्ट काढली जाते. मीठ-मोहरी ओवाळल्यावर मूल शांत झालेलं मीही पाहिलं आहे. त्या पाच-दहा मिनिटांत ते आजीच्या मांडीवर असतं, घर शांत असतं आणि सगळे त्याच्याकडे बघत असतात. श्रेय मोहरीला जातं. मोहरी निदान स्वस्त आहे. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली हजारो रुपये घेऊन मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे वर्ग त्याहून वाईट. मध्यमेंदू तुमच्या मुलात जन्मापासून चालू आहे, तो कुणी चालू करून द्यावा लागत नाही, आणि पट्टीखालून नाकाच्या बाजूच्या फटीतून दिसतं.

दुपारच्या चिडचिडीमागे शरीराचं कारण असू शकतं. घरी असलेल्या लहान मुलांचं कॉर्टिसॉल सकाळपासून दुपारपर्यंत उतरतं. दिवसभर पाळणाघरात राहणाऱ्या बऱ्याच मुलांचं उलट चढतं. फर्मीर आणि व्हॅन आयझेंडोर्न यांनी २००६ मध्ये अशा अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा हा फरक तीन वर्षांखालच्या मुलांत जास्त ठळक दिसला. इतकी मुलं, त्यांच्याशी खेळणी वाटून घेणं, ढकलाढकली सोसणं हे त्या वयाला कष्टाचं काम आहे. शाळेतून आल्या आल्या गाण्याचा किंवा अक्षरांचा क्लास लावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

खरं तर घर आणि शाळा यांच्यातलं हे अंतरच कमी करायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. समोर आपलंच घर, आई हाकेच्या अंतरावर. लाळ तपासायची सोय तेव्हा नव्हती, पण मूल ओळखीच्या जागी शिकतं हे त्यांना बघून कळलं होतं. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. शहरातल्या चार मजली शाळेला अंगण आणता येत नाही, पण शाळा सुरू व्हायच्या आधी दोनदा-तीनदा मुलाला तिथे नेऊन बाईंची ओळख करून देणं, संडास कुठे आहे ते दाखवणं जमतं. संडासाचं हसण्यावारी नेऊ नका. 'शू लागली तर कुणाला सांगायचं' ही काळजी किती मुलांना असते हे विचारून बघा.

आणि एक फाटकापाशी नेहमी दिसणारं दृश्य. सकाळभर हसतखेळत असलेलं मूल आई दिसताक्षणी भोकाड पसरतं. 'आत्ताच नाटक सुरू झालं बघा,' असं मावशी हसत म्हणतात. एन्सवर्थ यांच्या चाचणीत सर्वांत जास्त लक्ष याच क्षणाकडे असे. आई परत आल्यावर मूल तिच्याकडे येतं का, आणि तिच्याजवळ शांत होतं का, यावरून त्या नातं ओळखत. रडत आलं, बिलगलं आणि पाच मिनिटांत निवळलं, तर सगळं ठीक चाललं आहे. तेव्हा आधी उचलून घ्या. डबा का उरला, ते घरी गेल्यावर विचारता येईल.