रिग आणि लिनिअरमधल्या तारा: एक पार्श्वभूमी

हॅम रेडिओच्या रिगला, म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हरच्या संचाला, बाहेरचा पॉवर अँप्लिफायर (लिनिअर) जोडताना कोअॅक्सपाशी, म्हणजे रेडिओ सिग्नल नेणाऱ्या केबलपाशी, सहसा कुणी अडत नाही. घोळ होतो तो रिगच्या पाठीवरच्या लहानशा कीइंग सॉकेटपाशी (अँप्लिफायरला ‘आता प्रक्षेपण सुरू’ असं सांगणारी तार इथे लागते), आणि त्याचं मूळ व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्यांच्या, जमान्यात आहे.

एएमच्या (जुन्या पद्धतीच्या आवाज-प्रक्षेपणाच्या) काळात मॉड्युलेशन, म्हणजे सिग्नलवर आवाज चढवणं, बहुधा शेवटच्या टप्प्यावरच व्हायचं. त्यामुळे सगळी ताकद ट्रान्समीटरच्या पोटातच असायची. १९५०च्या दशकात एसएसबी (सिंगल साइडबँड) ही नवी पद्धत रुळली आणि गणित बदललं. सिग्नल कमी पॉवरवर तयार करायचा, मग त्याचा आकार न बिघडवता तो वाढवायचा. हे काम दोन खोक्यांत वाटणं सोयीचं होतं. कॉलिन्स कंपनीचा टेबलावर मावणारा ३०एल-१ अँप्लिफायर याच विचाराचा: चार ८११ए व्हॉल्व्ह, ग्राउंडेड ग्रिड मांडणी, म्हणजे व्हॉल्व्हमधली ग्रिड ग्राउंडला जोडलेली. ड्राइव्ह, म्हणजे रिगकडून येणारा सिग्नल, व्हॉल्व्हच्या कॅथोडला द्यायचा. त्यातला बराचसा भाग आउटपुटमध्येच जमा होतो. त्याला लागणारे शंभराच्या आतले वॅट रिग सहज देई.

प्रक्षेपण सुरू झालं की रिगने एक तार ग्राउंड करायची आणि अँप्लिफायरचा रिले (विजेने चालणारा स्विच) ओढायचा, एवढाच दोघांतला करार. त्या काळच्या रिगमध्ये हे काम खऱ्या रिलेच्या कॉन्टॅक्टकडे असे, म्हणून समोर किती व्होल्ट आहेत याची कुणी फिकीर केली नाही. हीथकिट कंपनीच्या एसबी-२२० अँप्लिफायरच्या कीइंग लाइनवर शंभराहून जास्त व्होल्ट असतात, आणि आधीच्या एसबी-२००वर तेवढेच, पण ऋण!

पुढे रिगमधल्या रिलेची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. आयकॉम कंपनीच्या आयसी-७३०० रिगचं सेंड सॉकेट (तिथलं कीइंग सॉकेट) १६ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर एवढंच झेपवतं. त्याला जुना एसबी-२२० थेट जोडला तर ते स्विचिंग जळण्याचीच शक्यता जास्त. म्हणून मध्ये बफर, म्हणजे जास्त व्होल्टेज स्वतः झेलणारा वेगळा स्विच, घालतात. साधा मॉस्फेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) बफर एसबी-२२०ला चालतो. एसबी-२००च्या उलट्या ध्रुवतेपुढे त्याचा उपयोग नाही. छोटा रिले वापरला तर ध्रुवतेचा प्रश्नच उरत नाही, फक्त कॉन्टॅक्ट तेवढ्या व्होल्टेजला पुरणारे हवेत आणि रिगला रिलेच्या कॉइलचा झटका लागू नये म्हणून डायोड हवा.

वेळेचं दुखणंही तिथलंच. जुन्या रिलेला मिटायला काही मिलिसेकंद लागतात. आरएफ, म्हणजे रिगची रेडिओ-पॉवर, त्याआधी पोचलं तर कॉन्टॅक्टवर ठिणग्या उडतात. आताच्या बऱ्याच रिगमध्ये यासाठी टीएक्स डिलेची, म्हणजे प्रक्षेपण जरा उशिरा सुरू करण्याची, सेटिंग असते.

दुसरी तार एएलसीची, म्हणजे ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलची. अँप्लिफायरला जास्त ड्राइव्ह मिळाला की तो ऋण व्होल्टेज परत पाठवतो आणि रिग पॉवर कमी करते. कल्पना छान, पण हे व्होल्टेज किती असावं यावर कंपन्यांचं एकमत झालं नाही. त्यामुळे अनेक जण ही तार जोडतच नाहीत, रिगची पॉवरच खाली ठेवतात. माझ्या मते जुन्या व्हॉल्व्हवाल्या अँप्लिफायरशी तेच बरं.