गायकाचे घर (ठाणे)

गायकाचे घर : नामवंत गायक किंवा वादक जिथे राहिला, जिथे त्याने रियाज केला आणि शिष्य घडवले ती जागा. ठाण्यात ही जागा म्हणजे स्वतंत्र वास्तू क्वचितच असते. बहुतेक वेळा ते तीन-चार मजली इमारतीतले एक बिऱ्हाड असते, आणि नोंद लिहिणाऱ्याची पंचाईत तिथूनच सुरू होते. देवासला कुमार गंधर्वांचे ‘भानुकुल’ आहे, पुण्याच्या नवी पेठेत भीमसेन जोशींचे ‘कलाश्री’ आहे. तिथे फाटकापाशी उभे राहून समोर बोट दाखवता येते. ठाणेकराला बोट वर करावे लागते : तो बघा दुसरा मजला, डावीकडची गॅलरी.

ठाण्याला गवयांची वस्ती झाली ती मुख्यत्वे रेल्वेमुळे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून इथेच आली होती, पण गवयांना उपयोगी पडली ती पुढच्या काळातली शेवटची लोकल. दादर-गिरगावातली पागडी आवाक्याबाहेर गेली तशी मराठी मध्यमवर्गीय बिऱ्हाडे नौपाडा, घंटाळी, विष्णुनगर भागात आली. आकाशवाणीचे ध्वनिमुद्रण चर्चगेटला आणि नाटकाचा प्रयोग दादरला आटोपून रात्री तंबोरा मालडब्यात ठेवून घरी पोचता येत असे. १९७८ मध्ये मासुंदा तलावाकाठी, म्हणजे तलावपाळीला, गडकरी रंगायतन उभे राहिले आणि नाटकही चालत जाण्याच्या अंतरावर आले.

ठाण्यात ‘गायकाचे घर’ म्हटले की पहिले नाव निघते पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांचे. जुने ठाणेकर ‘रामभाऊ’ एवढेच म्हणतात, आडनाव लावत नाहीत. जन्म पुण्याचा. प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’ (१९३८) या चित्रपटात त्यांनी बालकृष्णाची भूमिका केली, त्याच्या पुढच्या वर्षी ‘माणूस’मध्येही काम केले. तेवढ्या प्रसिद्धीवर एखाद्याचे आयुष्य निघाले असते. त्यांनी मात्र मास्टर कृष्णराव, ग्वाल्हेर परंपरेतले मिराशीबुवा आणि आग्रा गायकीचे जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंकडे तालीम घेतली. म्हणजे बिऱ्हाड एक आणि घराणी अनेक. १९६३ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मंदारमाला’ या विद्याधर गोखले यांच्या संगीत नाटकाला त्यांनी संगीत दिले आणि त्यात ते गायलेही. उतरणीला लागलेल्या संगीत नाटकाला या नाटकाने पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला. त्यांच्या नावाने ठाणे महापालिका संगीत महोत्सव भरवते.

पी. सावळाराम हे गायक नव्हते, गीतकार होते. तरी ठाणेकर त्यांना या नोंदीतून वगळू देणार नाही. संगीतकार वसंत प्रभू आणि लता मंगेशकर यांच्या साथीने त्यांची भावगीते घराघरांत पोचली, आणि ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. गीतकाराला नगराध्यक्ष करणारे गाव म्हणून ठाणेकराने थोडी कॉलर ताठ केली तर ते क्षम्य आहे.

शेजाऱ्यांच्या लेखी गायकाचे घर ही पाहण्यापेक्षा ऐकण्याची गोष्ट होती. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, त्यानंतर दूधवाला, नंतर शिकवणी. आत कोण आहे हे दाराबाहेरच्या चपलांवरून कळे. दोन जोड असले तर तालीम, दहा-बारा असले तर गुरुपौर्णिमा किंवा कुणी मोठा पाहुणा आलेला. सगळे शेजारी रसिक होते असे मात्र नाही. परीक्षेच्या दिवसांत एकच पलटा, म्हणजे गळा तयार करायची ठरावीक स्वररचना, शंभरदा कानावर पडणे ही काही सगळ्यांना पर्वणी वाटत नसे.

आतल्या सामानात जिवापाड जपायची वस्तू म्हणजे तंबोरा, आणि तो बहुधा मिरजेचा. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) ठाण्याचा पावसाळा त्याला मानवत नाही. खुंट्या फुगून बसतात, तारा गंजतात, भोपळ्याला बुरशी धरते. म्हणून तो भिंतीला टेकवून ठेवत नाहीत, गवसणी घालून कोरड्या कोपऱ्यात ठेवतात. दोन खोल्यांच्या घरात हा कोरडा कोपरा म्हणजे कपाटामागची जागा, आणि तिच्यावर घरातल्या इतरांचाही डोळा असतो.

जतनाचा प्रश्न निघतो तेव्हा खरी गाठ पडते ती कायद्याशी. वारसा नियमावली, उदाहरणार्थ १९९५ ची मुंबईची, इमारतींना किंवा परिसरांना श्रेणी १, २, ३ देते. सोळा बिऱ्हाडांपैकी एका बिऱ्हाडाला श्रेणी देण्याची सोय तिच्यात नाही, आणि दुसरा मजला तेवढा हवेत ठेवून बाकीची इमारत पाडता येत नाही. उलट बाजूला सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७९(अ) आहे. त्याखालच्या २०१९ च्या निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती मिळाली की पुनर्विकासाचा मार्ग मोकळा होतो. गळके छत, लिफ्ट नसलेला जिना आणि सत्तरीतले रहिवासी असताना ती संमती का मिळते हे समजण्यासारखे आहे. गवयाच्या घरच्यांचीही सही तिच्यात असते, कारण दुसऱ्या मजल्यावर चढताना त्यांचेही गुडघे दुखतात. स्वतंत्र घर असले म्हणजे निभावते असेही नाही. इंदूरच्या शीख मोहल्ल्यातल्या लताबाईंच्या जन्मस्थानी कापडाचे दुकान आहे.

शहरातल्या मोठ्या नाट्यगृहांवर नावे आहेत ती बाहेरच्यांची. राम गणेश गडकरी जन्मले नवसारीला आणि वारले सावनेरला. खाडीपलीकडे वाशीला नाट्यगृह आहे विष्णुदास भावे यांच्या नावाचे, आणि ते सांगलीचे. नवी मुंबईची गोष्ट वेगळी, कारण ते शहर वसवणारी सिडकोच स्थापन झाली १९७० मध्ये. तिथे कुणाचे घर ऐतिहासिक व्हायला अजून वेळ आहे. ठाण्याला ती सबब नाही.

इमारत पाडल्यावर घरचे दोन-तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढतात आणि मग अकराव्या किंवा चौदाव्या मजल्यावर परततात. तंबोराही परततो, लिफ्टमध्ये तिरका धरून. शिकवणीही पुन्हा सुरू होते. मात्र नव्या सोसायट्यांत दाराबाहेर चपला ठेवायला मनाई असते, त्यामुळे आत तालीम चालू आहे की नाही हे बेल वाजवल्याशिवाय कळत नाही.